कामकऱ्याच्या डब्यातील कोशिंबीर



कार्यवाहांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'कोशिंबीर' असे सांगितले. फोनवर क्षणभर काहीच ऐकू येईना. मग त्यांनी मोठ्या आदबीने विचारले, "पण आपण कामगार चळवळीवर बोलणार होता ना?" आम्ही म्हणालो, "त्यावरच बोलणार आहोत." त्यांचे समाधान झाले की नाही, देव जाणे, पण कार्यक्रमपत्रिकेत विषय छापला आहे, आणि आपणही इतक्या उकाड्यात येथे आला आहात, तेव्हा आता दोन्ही पक्षांना माघार घेता येणार नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही आहारशास्त्राचे पंडित नव्हेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते सोलापुरात युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटावर आणि गेटवरच्या सभांत झाले. वडील गिरणीत मागावर होते. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले. आणि यंत्रमागाच्या जोडीला घराघरांतून विड्या वळणाऱ्या बायका राहिल्या. त्या दोघांमध्ये आमची तीस वर्षे गेली. या तीस वर्षांत पगार, बोनस, फंड, घरे, सगळ्यांवर आम्ही भाषणे केली. माणूस दुपारी काय खातो यावर एकदाही केले नाही. ते का केले नाही, आणि आता का करावेसे वाटते, एवढेच आज सांगायचे आहे.

काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात विडी कामगार बायकांचा मोर्चा होता. अकराचे ऊन. घोषणा चालू असताना पहिल्याच रांगेतली एक बाई मटकन खाली बसली आणि आडवी झाली. तिला सावलीत नेले, लिंबूपाणी दिले, तोंडावर पाणी मारले. डोळे उघडल्यावर आम्ही विचारले, "अक्का, सकाळी काय खाल्लं होतं?" ती म्हणाली, "चहा घेतला की अण्णा." आम्ही म्हटले, "आणि?" तर म्हणाली, "आणि काय? दोनदा घेतला."

सभोवतीच्या बायका हसल्या. आम्हीही हसलो. पुढे सरकारी दवाखान्यात तिचे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सात निघाले. बाईमाणसाला ते निदान बारा तरी असावे लागते. मग मात्र आमचे हसू गेले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. पुरुषांत हे प्रमाण शेकडा २५ होते. म्हणजे त्या मोर्चात पुढे चालणाऱ्या निम्म्याहून अधिक बायका कदाचित तशाच अवस्थेत घोषणा देत होत्या, आणि त्यांना पुढे उभे करून आम्ही मागे ध्वनिक्षेपकावर बोलत होतो.

आम्ही अक्काच्या घरी जाऊन तिचा दिवस विचारून घेतला. पहाटे पाणी भरणे, नवऱ्याचा डबा, मुलांचा डबा, धुणी, भांडी. मग सूप मांडीवर घेऊन बसायचे. पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजाराच्या हिशेबाने, म्हणून हात थांबला की पैसा थांबला. जेवायला उठणे म्हणजे तिच्या लेखी तोटा. चहा मात्र बसल्या जागी पिता येतो. भुकेवर चहा हा तिला सर्वांत स्वस्त पडणारा उपाय होता. तिने हिशेब चुकीचा केला नव्हता. हिशेबात तिने स्वतःचे अंग धरले नव्हते, इतकेच.

१९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कँटीनची तरतूद होती, आणि पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती द्यावी असे कलम होते. ती कलमे आम्हांला तोंडपाठ. पण ज्या बाईचे घर हाच कारखाना, तिला कुठले कँटीन आणि कुठली घंटा? तिच्या घरात कँटीन चालवणारीही तीच आणि उपाशी कामगारही तीच.

आता दुसरी बाजू ऐका. ही आमची स्वतःची आहे आणि फारशी भूषणावह नाही. बावन्नाव्या वर्षी आमच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी विचारले, "सकाळी काय खाता?" गेटवर सभा असली की वडापाव, सभा नसली की भजी, कार्यकर्ते भेटले की चहाबरोबर खारी. त्यांनी कागदावर औषधे लिहिली आणि खाली इंग्रजीत 'सॅलड' असा शब्द लिहिला. घरी येऊन आम्ही तो कागद मंडळींपुढे ठेवला आणि फर्मावले, "उद्यापासून दोन्ही वेळा कोशिंबीर करत जा." त्या काही बोलल्या नाहीत. आतून विळी आणली, काकड्या आणल्या, आणि आमच्यापुढे ठेवल्या. म्हणाल्या, "कामाचे तास वाढवायचे असतील तर आधी वाटाघाटी करायच्या असतात ना? मग हे काम तुमच्याकडे."

श्रोतेहो, तीस वर्षांत मालकांशी इतक्या वाटाघाटी केल्या, पण इतक्या थोड्या वेळात इतका पूर्ण पराभव आमच्या वाट्याला कधी आला नव्हता. त्या दिवसापासून आमच्या घरी कोशिंबीर आम्ही करतो. हे काम पुरुषाला शिकायला सोपे आहे. चूल पेटवावी लागत नाही, काही करपत नाही, आणि बिघडले तर फार तर मीठ जास्त होते.

'सॅलड' हा शब्द ऐकला की आमच्या यंत्रमागावरचे लोक बिचकतात. एकाने सभेत उठून विचारले होते, "अण्णा, आता गवत खायचं का?" त्याला आम्ही विचारले, "तुझे आजोबा शेतात भाकरीबरोबर काय खायचे?" बुक्कीने फोडलेला कांदा, बांधावरची कोवळी काकडी, मुळा पाल्यासकट, हिवाळ्यात मेथीची कच्ची जुडी, हरभऱ्याचे घाटे. आपल्याकडे हे होतेच. खानदेशात कच्च्या मेथीत कांदा, दाण्याचे कूट आणि तेल घालून घोळाणा करतात. कोबीची, मेथीची पचडी आहे. शेजारच्या कर्नाटकात भिजवलेल्या मुगडाळीची कोसंबरी आहे. विदेशी असे यात काही नाही. शेत सुटले, माणूस शहरात आला, पाळीला लागला, आणि ताटातली ही डावी बाजू गळून पडली. भाकरी राहिली, कालवण राहिले, आणि कांद्याच्या जागी पुडीतले फरसाण आले.

वडापावाला आम्ही शिव्या देणार नाही. गरम असतो, उभ्या उभ्या खाता येतो, पोट भरल्यासारखे वाटते, आणि तळणाराही आमच्यासारखाच कष्टकरी असतो. ज्याला दहा मिनिटांची सुटी आहे त्याने वडा खाल्ला तर दोष वड्याचा नव्हे, दहा मिनिटांचा आहे. पण रोजच तो एकटाच पोटात जाणार असेल तर त्यात बटाटा, मैदा, तेल आणि मीठ यांच्यापलीकडे फारसे काही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे आणि फळे-भाज्या मिळून निदान चारशे ग्रॅम खाव्यात. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. लोणचे, पापड, फरसाण आणि वडा एका दिवसात झाले की तो चमचा केव्हाच रिकामा होतो. आणि चारशे ग्रॅम भाजी? आमच्या वस्तीत चार माणसांच्या घरात मिळून तेवढी भाजी शिजते.

तर आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आमच्या हातून वर्षभर ज्या चुका झाल्या त्याच सांगतो, कारण त्यांतूनच शिकलो.

पहिली चूक मिठाची. आम्ही सकाळी सहाला काकडी कोचून, मीठ-दही घालून डब्यात भरायचो. दुपारी एकला डबा उघडला की काकडी तळाशी आणि वर पाणी. मीठ भाजीतले पाणी ओढून घेते. घराघरांत बायकांना हे ठाऊक असते, आम्हांला पन्नाशीनंतर कळले. तेव्हा डब्यात भाजी कोरडी भरावी. दाण्याचे कूट आणि मीठ निराळ्या पुडीत, लिंबाची फोड निराळी. जेवायला बसल्यावर कालवावे. एवढे केले की काकडी, गाजर, कोबी दुपारपर्यंत चांगली राहतात. दही घालायचे तर घरी जेवताना. उन्हाळ्यात डब्यात ते आंबते. काकडीचे पाणी पिळून टाकण्याची काही घरांत रीत आहे, ती आम्हांला पटत नाही. पाणी सुटलेच तर ताकात घालून प्यावे.

दुसरी चूक धुण्याची. आम्ही चिरून मग धूत होतो. अशाने पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे पाण्याबरोबर मोरीत जातात. आधी धुवावे, मग चिरावे. आणि विडीच्या घरांत आणखी एक धुणे आहे, त्यावर आम्ही हटून बसतो. ते म्हणजे हात. तंबाखूची धूळ बोटांना, नखांत बसलेली असते, आणि निकोटिन कातडीतूनसुद्धा अंगात जाते. त्या हाताने कच्चे काही कालवू नये, आणि लेकराच्या तोंडात तर काही घालूच नये. साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन मग विळीला बसावे.

कूट हा आमच्या सोलापूरकडचा जीव. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, साले पाखडून काढायची, जाडसर कुटायचे. आठवड्याचे कूट रविवारी अर्ध्या तासात होते आणि मग रोजचे काम निम्मे उरते. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. मूठभर कूट घातले की कोशिंबीर ही नुसती चव न राहता खाणे होते. मात्र दाणा खवट, काळसर किंवा बुरशी धरलेला असेल तर भाजून झाकू नये, फेकून द्यावा. त्या बुरशीचे विष भाजल्यानेही पुरते जात नाही आणि ते यकृताला बाधते. गरिबाला दाणा फेकताना जिवावर येते हे आम्ही जाणतो, तरी सांगतो.

मोडांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. मटकी किंवा मूग आठ-दहा तास भिजवावे, पाणी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवावे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात रात्री बांधले की सकाळी मोड दिसतात. थंडीत दीड दिवस लागतो. मोड येताना धान्यात 'क' जीवनसत्त्व तयार होते, आणि लोह शोषायला जे द्रव्य आड येते ते कमी होते. म्हणजे खर्च फक्त पाण्याचा, काम फडक्याचे, आणि आपण झोपलेले असताना धान्याची किंमत वाढते. असा व्यवहार आम्ही दुसरा पाहिला नाही. पण मोड कच्चे खाण्याची जी नवी हौस आली आहे तिला आमचा विरोध आहे. ज्या उबेत आणि ओलीत मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात. २०११ साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीच्या दाण्यांतून असा जंतू पसरला आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. जर्मनीसारख्या काटेकोर देशात हे घडले, तर आपल्या टाकीच्या पाण्याविषयी काय बोलावे! चाळणीत ठेवून सात-आठ मिनिटे वाफ द्यावी, मग कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू. थोडे 'क' जीवनसत्त्व वाफेत जाते, ते वरून पिळलेले लिंबू भरून काढते.

त्या लिंबाचे काम केवळ चवीचे नाही. पालेभाजी, कडधान्य, बाजरी यांतले लोह अंगाला सहजासहजी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू, कैरी यांपैकी काही त्याच घासाबरोबर पोटात गेले तर ते अधिक लागते. आणि त्याच जेवणावर लगोलग चहा घेतला तर ते कमी लागते. आमची अक्का नेमके उलटे करीत होती. भाकरी कशीबशी, त्यावर चहा. आम्ही तिला सांगितले, चहा सोडू नको, तासभर मागे सरकव. हा उपदेश तिने पाळला, कारण यात तिचे पैसे आणि वेळ दोन्ही जात नव्हते. पण हेही स्पष्ट सांगतो की सात हिमोग्लोबिन कोशिंबिरीने बारा होत नाही. त्याला दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या लागतात, आणि रक्त कुठे जाते आहे हेही डॉक्टरने पाहावे लागते. अक्काला गोळ्या दिल्या, आणि त्या ती घेते की उतरंडीमागे ठेवते हे पाहायला तिच्या सुनेला नेमले. गुळाने रक्त वाढते असा आपल्याकडे मोठा समज आहे. गूळ आम्हांलाही आवडतो, पण तो अखेर साखरेचा सख्खा भाऊ. शेंगदाण्याबरोबर एक खडा ठीक. रक्तासाठी म्हणून ढेप संपवू नये, आणि आमच्यासारख्या मधुमेह्याने तर तिकडे पाहूही नये.

मधल्या वेळेच्या खाण्याचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, कारण उत्तरे भट्टीवाल्याकडे तयार आहेत. फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, चुरमुऱ्यांत कांदा-कोथिंबीर, भाजलेल्या शेंगा, हंगामात उकडलेले रताळे, पेरू. रात्रपाळीच्या माणसाला दोनच्या सुमारास जी भूक लागते तिच्यावर खिशातली फुटाण्यांची पुडी चांगली चालते. यंत्रमागाच्या खडखडाटात कुणाला ऐकूही जात नाही. मुलांच्या हातात मात्र पाच रुपयांची रंगीत पुडी पडते, कारण ती टपरीवर लोंबकळत असते आणि फुटाणे लोंबकळत नाहीत. यावर आम्हांला अजून उपाय सापडलेला नाही.

महागाईचे काय, असे कोणी म्हणेल. म्हणणे खरे आहे. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली तेव्हा आम्हीही टोमॅटो सोडला. कोशिंबीर टोमॅटोवाचून अडत नाही. थंडीत मुळा, गाजर, मेथी स्वस्त. उन्हाळ्यात काकडी, कांदा, कैरी. पावसाळ्यात पाल्याला चिखल असतो, तेव्हा कच्चे कमी करून तांबड्या भोपळ्याचे भरीत, वाफवलेले मोड, शिजवलेले बीट असे करावे. बाजार उठताना संध्याकाळी जी भाजी ढिगाने मिळते तीतही काकडी आणि मुळा चांगला निघतो. आमचा अनुभव असा की अडचण पैशाची कमी आणि हातांची जास्त. घड्याळ लावून पाहिले तर चार माणसांची कोशिंबीर करायला आम्हांला पहिल्या महिन्यात अर्धा तास लागे, आता पंधरा मिनिटे लागतात. पंधरा मिनिटांत विडीवाल्या बाईच्या किती विड्या जातात याचा हिशेब तिला विचारा, तोंडावर सांगेल. म्हणून ही पंधरा मिनिटे तिच्याकडून मागू नयेत.

स्वयंपाक हे काम आहे आणि त्याचे मोल आहे, हे आमच्या चळवळीतही उशिरा उमजले. १९७५ साली मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका तोपर्यंत सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. त्यांना संघटित करून बँकेची कर्जे मिळवून दिली. ज्यांच्या डब्यावर एवढी मोठी गिरणी चळवळ चालली, त्यांचीही एक संघटना असू शकते हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. आम्ही ते वाचले तेव्हा वाटले, की घरोघरच्या खानावळवालीचे काय?

मोठे काही आम्ही केलेले नाही. आमच्या शाखेच्या महिन्याच्या सभेत आम्ही चहा-बिस्किटे बंद केली आणि मटकी सुरू केली. ती मटकी आणायची, मोड आणायचे, कांदा चिरायचा, हे काम पाळीने पुरुष सभासदांकडे दिले. पहिल्या सभेला सात जण आजारी पडले, म्हणजे काम ज्यांच्याकडे होते ते सगळे. दुसऱ्या सभेला तिघे आले. त्यांतल्या एकाने मोड आलेली मटकी न धुता आणली आणि वास सुटला. बायकांनी तोंडाला पदर लावून खाल्ली नाही, पण सभा संपेपर्यंत हसत होत्या. आता वर्ष झाले. एक जॉबर आहे, मिशाळ गडी. त्याच्या हातची कोशिंबीर असली की सभेला गर्दी होते. तो घरीही करतो का, असे आम्ही त्याच्या बायकोला विचारले. ती म्हणाली, "रविवारी करतो." आम्ही म्हटले, "आणि बाकीचे दिवस?" ती म्हणाली, "अण्णा, सहा दिवसांची मागणी पुढच्या करारात ठेवा."

अक्काचे हिमोग्लोबिन मागच्या तपासणीत साडेदहा निघाले. आमची साखर उतरली आहे, गेलेली नाही.

चैत्राचे दिवस आहेत, म्हणून चालकांना आम्ही एक विनंती केली होती. हरभऱ्याची डाळ दुपारीच भिजत घातली आहे, कैऱ्या धुऊन ठेवल्या आहेत. मंडपाच्या मागे चार विळ्या आणि एक किसणी आहे. भगिनींनी आपापल्या जागी बसून राहावे. पुरुष मंडळींपैकी ज्यांना घाई नसेल त्यांनी हात धुऊन आमच्याबरोबर मागे यावे. डाळ भरडसर वाटायची आहे, आणि मीठ कुणीही आधी घालू नये.